मानेबाईंची सोपी सहल

मानेबाई गेल्याचे त्यांच्या मुलाने शिरवळहून फोन करून कळवले. तो तिथल्या एका कारखान्यात नोकरीला आहे आणि अलीकडची वर्षे बाई त्याच्याकडेच राहत होत्या. फोन ठेवल्यावर मी हातातला पेपर पुढे वाचत राहिलो. बायकोने विचारले, कुणाचा फोन. मी सांगितले. तिने चहा पुढे ठेवला. तो मी प्यायलो आणि साखर जरा जास्त झाली आहे, असेही म्हणालो.

ज्या बाईंच्या शेजारच्या खुर्चीवर मी पलूसच्या शाळेत इतकी वर्षे बसलो, त्यांच्या जाण्याने माझ्या आत काही हललेच नाही, ही गोष्ट मला त्या दिवसापासून टोचते आहे. टोचते म्हणजे तरी काय, तर मी तिच्याकडे पुन्हा पुन्हा वळून पाहतो. शोक करता येत नसेल, तर माणसाने निदान नीट आठवावे, असे मला वाटते. म्हणून हे लिहितो आहे.

बाई गणित शिकवत. ठेंगण्या, सावळ्या, पदर खांद्यावरून घट्ट घेतलेल्या. वर्गात त्यांची भाषा पुस्तकी असे. शिक्षकांच्या खोलीत पाऊल टाकले की ती गावाकडची होई, जणू पायातल्या चपला उंबऱ्याबाहेर काढून ठेवाव्यात तशी. शाळेचे वेळापत्रक करण्याचे काम वर्षानुवर्षे त्यांच्याकडे होते. हे काम शाळेत कुणालाच नको असते, कारण त्यात वैर पदरी पडते. बाईंना मात्र कधी कुणी वाईट म्हटले नाही. त्याचे कारण मला फार उशिरा समजले. ज्यांचे गुडघे दुखत, त्यांना मधल्या सुट्टीनंतर वरच्या मजल्यावर तास नसे. ज्यांच्या घरी आजारी माणूस असे, त्यांचा शेवटचा तास मोकळा असे. याविषयी त्यांनी कुणाला विचारलेले नसे आणि नंतर कुणाला सांगितलेलेही नसे. एकदा नव्याने आलेल्या मुख्याध्यापकांनी आक्षेप घेतला, की तास सेवाज्येष्ठतेप्रमाणे लावलेले नाहीत. बाईंनी ऐकून घेतले आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, जिन्याला सेवाज्येष्ठता कळत न्हाई." वेळापत्रक तसेच राहिले.

त्यांचा सगळा स्वभाव या एका कामात होता. कुठलीही गोष्ट करायची, तर तिच्यात सर्वांत दुबळे कोण आहे, हे त्या आधी पाहत आणि तिथून पुढची मांडणी करत. एका वर्षी आम्ही मुलांना जवळच्या एका टेकडीवरच्या देवळात पायी घेऊन गेलो होतो. सातवीतल्या एका मुलीचा पाय लहानपणापासून अधू होता. बाईंनी तिच्या हातात शाळेचा झेंडा दिला आणि तिला सगळ्यांच्या पुढे चालवले. झेंड्याच्या पुढे जायचे नाही, असा मुलांना दम होता. शंभरावर मुले त्या मुलीच्या चालीने चालली आणि वाटेत प्रत्येक झाडाखाली बाईंनी सगळ्यांना थांबवून मोजले. मी चिडून म्हणालो, बाई, किती वेळा मोजता. त्या म्हणाल्या, माझं गणित कच्चं हाय. ती मुलगी घरी जाऊन काय सांगत असेल? आपला पाय सांभाळून घेतला असे नव्हे. आपण सगळ्या शाळेला वर नेले, असे.

बाईंच्या हसण्याबोलण्यात एक जागा मात्र बंद होती आणि ती आम्हा सर्वांना ठाऊक होती. आमच्याकडे उसाची तोड झाली की शेतात उरलेले वाळके पाचट पेटवून देतात. हिवाळाभर रोज कुठे ना कुठे धूर असतो. त्याची काजळी वाऱ्याबरोबर येते आणि शाळेच्या अंगणात काळ्या पिसांसारखी उतरते. मुले ती झेलायला धावतात. बाई अशा वेळी उठून आपल्याजवळची खिडकी लावून घेत आणि पुन्हा वह्या तपासायला बसत. तास सुटल्यावर समोर येणाऱ्या लहान मुलींच्या केसांतून त्या काजळीचे कण वेचून काढत. दुसरे काही करत नसत.

त्यांची पहिली मुलगी संगी अशाच एका पाचटाच्या आगीत गेली होती. ती तेव्हा शाळेत जाण्याच्या वयाचीही नव्हती. भावकीतल्या कुणीतरी शेजारच्या रानात पाचट पेटवले, वारा फिरला आणि बांधावरची गवताची खोप पेटली. आजी पोरीला खोपीत निजवून विहिरीवर पाणी आणायला गेली होती. बाई शाळेत होत्या. आणि पोरीचे वडील, ज्यांना सगळे तात्या म्हणत, डोंगराच्या माथ्यावर वणव्याच्या पहाऱ्याला होते.

तात्या वनखात्यात होते. त्यांच्या गावामागच्या डोंगरावर खैर-धावड्याचे जंगल आहे आणि त्याच्या अगदी माथ्यावर वनखात्याचा लोखंडी मनोरा होता. हिवाळा सरत आला की तात्या त्या मनोऱ्यावर दिवसभर बसत. जंगलात कुठे धूर दिसला की खाली कळवायचे, हे त्यांचे काम. खालच्या सपाटीवर, उसाच्या पट्ट्यात उठणारे धूर त्यांच्या कामाचे नव्हते. ते रोजचेच होते. त्यांची दखल घेतली असती, तर दिवसाला दहा वेळा खाली धावावे लागले असते. म्हणून मनोऱ्यावर बसणारा माणूस आधी एकच गोष्ट शिकत असे: कुठला धूर आपला नाही. तात्यांनी त्या दिवसानंतर गावाला आणि बायकोला एवढेच सांगितले, की माथ्यावरून आपले शिवार दिसतच नाही. मध्ये डोंगराचा दांडा येतो. लोकांनी ते मानले. बाईंनीही मानले. पुढे त्यांना मुलगा झाला, घर पलूसला आले, आणि बाई त्या माथ्यावर कधी गेल्या नाहीत.

निवृत्तीचे वर्ष सुरू झाले, तेव्हा आम्ही निरोपाच्या समारंभाविषयी त्यांना विचारले. त्या म्हणाल्या, शाल-नारळ नको, त्यापेक्षा माझ्याबरोबर माथ्यावरच्या मनोऱ्यापर्यंत चला. सोपी सहल हाय. उतरून खाली आल्यावर कळंल, की आपण चढलो हुतो. खोलीतल्या सगळ्यांनी हो म्हटले. अशा वेळी सगळेच हो म्हणतात. त्यानंतर बाईंनी सहलीची जी आखणी मांडली, ती काही महिने चालली आणि तिच्यात एकेक जण गळत शेवटी दोघे उरलो: मी आणि चित्रकलेचे मुल्लासर.

मुल्लासर वजनाने भारी आणि जिभेने हलके. भूक त्यांना सोसत नसे आणि ते लपवतही नसत. बाई रोज त्यांना काहीतरी विचारत. सकाळी उठल्यावर किती वेळाने भूक लागते, उन्हाने डोके धरते का, चढावर बोलायची सवय आहे की गप्प चालायची. मुल्लासर म्हणाले, "आवं बाई, एवढ्या तयारीत आमच्यात लगीन उरकून पोरगी नांदायला जाती."

"पोरगी तरणी असती. तुमी हाय का तरणं?"

मला बाईंनी असे काहीच विचारले नाही. पण एका रविवारी त्या डोंगरावरच्या एका वनरक्षकाला बरोबर घेऊन बाई वाट पाहून आल्या आणि सोमवारी मला म्हणाल्या, की खिंडीच्या वर जिथे दम लागतो, तिथे बसायला एक चांगला खडक आहे आणि त्याला सावली आहे. मला चढावर दम लागतो, हे मी घरीसुद्धा बोललो नव्हतो. मनोऱ्यापर्यंत मात्र त्या गेल्या नव्हत्या. खडकापर्यंतच जाऊन परतल्या होत्या.

दिवस काही ठरेना. आम्ही दिवाळीची सुट्टी सुचवली, तर त्या म्हणाल्या, गवत उंच असते. नाताळ सुचवला, तर तोडी जोरात चालू असतात, खाली धुरकट असते. मुल्लासर मला बाजूला घेऊन म्हणाले, बाईंना जायचं हाय का न्हाई, तेच कळंना गड्या. मलाही कळत नव्हते. आधी वाटले, वयाचा हट्ट. मग वाटले, भीती. दोन्ही अंदाज मी मोठ्या समजूतदारपणाने केले होते, हे आज नमूद करायला हवे.

मग जानेवारीच्या अखेरीस एका दुपारी अवकाळी पाऊस पडून गेला. संध्याकाळी बाईंचा निरोप आला, की उद्या रविवार आहे, हवा धुतली गेली आहे आणि पाचट ओले असल्यामुळे उद्या कुणी पेटवणार नाही. मी वेळ विचारायला त्यांच्या घरी गेलो.

तात्या पडवीत कॉटवर होते. वर्षभरापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला होता. उजवी बाजू गेली होती, तोंड वाकडे झाले होते, पण लक्ष दिले तर बोलणे कळत असे. बाई त्यांना चमच्याने भाताची पेज भरवत होत्या. त्यांनी लपवाछपवी केली नाही. माझ्यादेखतच सांगितले, की उद्या सरांबरोबर माथ्यावर जाऊन येते.

तात्यांनी तोंडातला घास गिळला. मग अडखळत म्हणाले, "तिथं काय हाय बघाय?"

"काय न्हाई. सहल हाय."

"दांडा येतो मधी."

"व्हय. तुमी सांगितलंय."

त्यांनी पुढचा चमचा घेतला नाही. बाईंनी त्यांचे तोंड पुसले, पाठीमागची उशी सारखी केली आणि मला दारापर्यंत सोडायला आल्या. मी चपला घालत होतो, तेव्हा त्या भिंतीला टेकून, जसे एखादे उदाहरण फळ्यावर मांडावे तसे, एकेक पायरी करून बोलल्या. आवाज नेहमीचाच होता.

मनोरा आता पाडणार आहेत, असे वनरक्षकाने त्यांना सांगितले होते. जंगलातल्या आगीची खबर हल्ली मोबाइलवर येते, माणूस बसवायची गरज उरलेली नाही, आणि लोखंडही गंजले आहे. त्यामुळे पाहायचे तर आताच. संगीला वाचवता आले असते, असे त्यांचे म्हणणे नव्हते. एवढ्या उंचीवरून धावत आले असते तरी तात्या पोचले नसते, हे गणित त्यांनी पूर्वीच करून ठेवले होते. धूर दिसला आणि पाचटाचाच वाटला, असे झाले असेल, तर तेही त्यांना समजत होते. इथल्या कुणालाही तसेच वाटले असते.

"पण बघितलाच न्हाई म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "आयुष्यभर मला तेच सांगत आल्यात. आता मी त्यांचं हागणंमुतणं काढतीया. काढीन, त्याचं काय न्हाई. पण सर, मी कुणाची सेवा करतीया, ते मला कळाय पायजे."

मी दुसरी चप्पल पायात सरकवली. ऐकलेल्याचे मला त्या वेळी वाईटही वाटले नाही, हे खरे. रिक्षाने घरी आलो आणि सकाळचा गजर लावून झोपलो.

सहल सोपी होती. याहून सोपी सहल मी केली नाही. खिंडीपर्यंत वनखात्याचा कच्चा रस्ता होता, तिथवर जीपने गेलो. पुढची वाट बाईंनी अशी तुकड्यातुकड्यांत वाटून ठेवली होती, की दम लागण्याआधी सावली येई आणि भूक लागण्याआधी धपाटे. मुल्लासर खर्डा चाटत म्हणाले, की बाई, रोज न्या. वनरक्षक पुढे चालत होता. तो तरुण होता आणि तात्यांविषयी आदराने बोलत होता. त्यांच्या वेळी या माथ्यावर एकही वणवा पसरला नाही, असे जुने लोक सांगतात, म्हणाला. बाई ऐकत होत्या. मध्येच एका खैराच्या खोडाला हात लावून त्यांनी म्हटले, ही झाडं हुती का तवा एवढी?

माथ्यावर वारा होता. मनोरा माझ्या कल्पनेपेक्षा लहान निघाला. चार लोखंडी पाय, एक शिडी, वर फळ्यांची जमीन आणि पत्र्याचे छप्पर. मुल्लासर खालीच बसले. बाई शिडी चढल्या, त्यांच्यामागे मी. वर, जंगलाच्या बाजूला तोंड करून, लोखंडी पट्टीचे एक बाकडे ठोकलेले होते. तेच पहारेकऱ्याचे बसायचे ठिकाण. त्याची कड घासून गुळगुळीत झाली होती.

बाई आधी त्या बाकड्यावर बसल्या, शेजारी मी. समोर जंगल होते, पानगळीचे, तांबूस करडे. मग त्यांनी मान वळवून डावीकडे, सपाटीकडे पाहिले. मीही पाहिले. हवा इतकी स्वच्छ होती, की कृष्णेचे पाणी पत्र्यासारखे चमकत होते, साखर कारखान्याची चिमणी दिसत होती, लांबच्या गावांच्या पाण्याच्या टाक्या ओळखू येत होत्या. आणि जवळ, आमच्या पायाखालून सुटून, डोंगराचा एक दांडा खाली उतरला होता. त्याच्याआड तात्यांचे गाव नेमके झाकले गेले होते. शिवारही दिसत नव्हते. तात्यांनी खोटे सांगितलेले नव्हते.

मला हायसे वाटले. बाईंच्या चेहऱ्यावर मी काहीतरी उतरताना पाहिले, असे मला वाटते. कदाचित ती माझीच इच्छा असेल. मग खाली जायचे म्हणून त्यांनी कठड्याला धरले आणि उठल्या. शिडीकडे जायला मनोऱ्याच्या डाव्या कोपऱ्यावरून वळावे लागे. तिथे त्या थांबल्या.

मी त्यांच्या मागेच होतो. त्या जिथे पाहत होत्या, तिथे मीही पाहिले. उभे राहिल्यावर दांड्याची कड खाली जात होती. तिच्या पलीकडे उसाचे हिरवे तुकडे, एक विहीर, विहिरीजवळ एकटी चिंच आणि चिंचेपासून निघालेला एक बांध, एवढे सगळे ताटात वाढल्यासारखे समोर होते. बांधावरून कुणीतरी सायकल हातात धरून चालले होते. तेही दिसत होते.

बाई पुन्हा बाकड्यावर जाऊन बसल्या. मान वळवून पाहिले. उठल्या. कोपऱ्यावर आल्या. पाहिले. एखाद्या मुलाने उत्तर चुकले की काय म्हणून उलटे करून ताळा पाहावा, तसे त्यांनी ते केले. मग मला म्हणाल्या, "बसल्यावर दिसत न्हाई. उभं राह्यल्यावर दिसतंय."

मी म्हणालो, हो.

"दिवसभर कोण बसून राहतंय, सर?"

हा प्रश्न मला नव्हता. तरीही त्याला उत्तर द्यायला हवे होते, असे मला आजवर वाटत आले आहे. म्हणता आले असते, की त्या दिवशी ते बसलेलेच असतील. म्हणता आले असते, की पाहून तरी काय करणार होते. दोन्ही वाक्ये माझ्या तोंडाशी होती आणि दोन्हींत माझीच सुटका होती. बाई शिडीवरून एकेक पाय जपून टाकत खाली उतरल्या. मुल्लासरांनी विचारले, दिसतं का वो काय वरनं? त्या म्हणाल्या, नदी दिसती.

उतरताना बाईंनी मुल्लासरांना जिथे घसरण होती तिथे आडवे पाऊल टाकायला सांगितले. मला खडकाजवळ थांबवले. पाण्याची बाटली रिकामी झाली का, पाहिले. जीपमध्ये मी त्यांच्या शेजारी होतो. त्यांचे हात मांडीवर होते, एकावर एक, आणि जीप कितीही हादरली तरी ते तसेच राहिले.

डबे त्यांच्या घरी पोचवायचे म्हणून मी आत गेलो. तात्या जागे होते. त्यांनी दिवसभर शेजारणीच्या हातून काही घेतले नव्हते, असे ती शेजारीण सांगून गेली. बाईंनी हातपाय धुतले, पेज कोमट केली आणि कॉटच्या कडेला बसल्या. तात्या त्यांच्याकडे पाहत होते. मी डबे ठेवून निघायला हवे होते, पण दारातच थांबलो.

बाईंनी पहिला चमचा त्यांच्या ओठांशी नेला आणि म्हणाल्या, "आलो जाऊन. तुमी म्हणत हुता तसंच हाय. दांडा येतो मधी."

तात्यांनी तोंड उघडले नाही. डावा हात हलला, चादरीवरून थोडा पुढे आला. मग त्यांनी विचारले. शब्द तुटत होते, पण प्रश्न मला पूर्ण ऐकू आला.

"उभं... राह्यल्यावर?"

चमच्यातली पेज सांडली नाही.

"उभी कुठं राह्यली मी?" बाई म्हणाल्या. "गुडघं लय दुखत हुतं. बसूनच बघितलं. खावा आता."

तात्यांच्या नीट असलेल्या डोळ्यातून पाणी आले आणि कानाकडे ओघळले. बाईंनी ते पदराने टिपले, चमचा पुन्हा पुढे केला, आणि या वेळी त्यांनी तो घेतला.